टवका उडालेला दाता

संशयाला आपल्याकडे प्रतिष्ठा नाही. श्रद्धेची आपण स्तोत्रे गातो, धैर्याला पदके देतो, औदार्याच्या पाट्या भिंतीवर लावतो. संशयी माणूस दिसला की मात्र कपाळाला आठी घालतो. पण संशयाचेही दोन वर्ण आहेत. एक दुसऱ्याचे वाईट चिंतणारा. तो घर पोखरतो. दुसरा स्वतःच्या सुखावर पहारा ठेवणारा. तो घर राखतो. आपल्याला जे ऐकायचे होते नेमके तेच ऐकू आले, म्हणून ते खरे मानावे काय, एवढेच हा दुसरा संशय विचारतो. विचारायला मोठे बळ लागते, कारण येथे झुंज शत्रूशी नसते, आपल्याच आनंदाशी असते. असा सात्त्विक संशय ज्यांच्या ठायी जन्मभर नांदला, त्या बाईंना सगळे काकू म्हणत.

सगळे म्हणजे अक्षरशः सगळे. त्यांच्याहून वयाने मोठे असलेले व्यवस्थापकही त्यांना काकूच म्हणत, आणि काकू त्यांना न चुकता साहेब म्हणत. त्यांना ताई म्हणणारा जगात एकच होता, त्यांचा धाकटा भाऊ. आत्या म्हणणारीही एकच, त्या भावाची मुलगी. काकूंचा व्यवसाय इलेक्ट्रॉनिक्सचा. डाख लावताना जळणाऱ्या रोझिनच्या वासाची एक खोली, उत्तरेकडे खिडकी, टेबलावर भिंग, आणि शेजारी निवून गेलेला चहा. चांगली बातमी कोणी आणली की त्या चष्म्यावरून पाहत आणि म्हणत, "बघू या." भाऊ चारचौघांत त्यांची टिंगल करी. "उद्या कोणी सांगितलं ना, की लग्न ठरलं, तर आमची ताई विचारेल, मुलाकडच्यांना कळवलंय का?"

हा भाऊ रोपवेचा चालक होता. दरीच्या अलीकडे गाव आणि पलीकडच्या डोंगरावर रुग्णालय. रस्ता होता, पण वळणावळणांचा, पोट ढवळून काढणारा. म्हणून रुग्ण, त्यांचे आप्त, डॉक्टर, परिचारिका, सगळे ट्रॉलीत बसून जात. भावाची मुलगी तेथे परिचारिका होती; तीही रोज सकाळी त्याच दोरावरून दरी ओलांडी. यंत्रघर वरच्या टोकाला होते. तेथे दोराला ओढणारे प्रचंड चाक, त्याला फिरवणारी मोटार, दोहोंमध्ये गिअर आणि क्लच. चाकाच्या कण्यावर बसवलेले पोलादी दात्यांचे एक लहान चाक मात्र काकूंच्या अखत्यारीतले होते.

त्या दात्यांसमोर, नखभर अंतर ठेवून, एक चुंबकीय सेन्सर बसवला होता. त्याची रचना इतकी साधी की आदर वाटावा. आत एक चुंबक, चुंबकाभोवती तांब्याच्या तारेची गुंडाळी, बस्स. दाता समोरून गेला की गुंडाळीत विजेची एक लाट उठते, दाता गेला की ती ओसरते. लाटा मोजल्या की वेग कळला. परंतु या साधेपणातच अडचण दडलेली असते. चाक हळू फिरले तर हा सेन्सर कुजबुजतो. वेगाने फिरले तर तोच ओरडतो. आणि ज्याने ऐकायचे तो मायक्रोकंट्रोलर, म्हणजे नखाएवढा संगणक, मोठा नाजूक प्राणी. त्याला फक्त हो आणि नाही एवढेच कळते. कुजबुज त्याच्या कानी पोहोचत नाही, आणि आरोळीने त्याचा कानच फुटतो. काकूंनी या दोघांमध्ये स्वतः रचलेले एक सर्किट-कार्ड बसवले होते. ते आरोळी दाबून धरी, कुजबुज उचलून घेई, आणि आवाजाच्या मानाने आपला उंबरठा वरखाली करी. आवाज मोठा तर उंबरठा उंच, म्हणजे बारीकसारीक खरखर आत येऊ नये. आवाज लहान तर उंबरठा खाली, म्हणजे खरे बोलणे बाहेर राहू नये. चाक ठरल्यापेक्षा वेगाने धावू लागले की हेच कार्ड ब्रेक लावी. दरीवर लोंबकळणाऱ्या प्रत्येक ट्रॉलीचा जीव या कार्डाच्या हवाली होता.

चाकाच्या एका दात्याचा टवका उडालेला होता. तो पराक्रम भावाचा. चाक बसवण्याच्या दिवशी वर चढून बोल्ट आवळताना त्याच्या हातून पाना निसटला आणि नेमका त्या दात्यावर आदळला. साहेब संतापले, चाक बदलायला निघाले. काकूंनी विजेच्या लाटा दाखवणारा आपला स्कोप लावला. पडद्यावर लाटांची रांग सरकत होती, आणि दर फेरीला एक लाट इतरांहून बुटकी उमटत होती, जणू चालता चालता कोणाला ठेच लागावी. काकू बराच वेळ पाहत राहिल्या.

"राहू दे हे चाक. मोजणीत काही फरक पडत नाही. आणि ओळखू तरी येतं की हे आपलंच आहे."

"बघ," भाऊ साहेबांच्या पाठीमागे कुजबुजला, "मी सही करून ठेवलीय."

"सही नाही, अंगठा," काकू म्हणाल्या.

पहिली काही वर्षे रोपवेला एक खोड होती. काही कारण नसताना तो मध्येच थांबे. चुंबकाच्या टोकाला लोखंडाचा कीस चिकटे, त्यामुळे लाटा विस्कटत, कार्डाला वेग वाढल्याचा भास होई, ब्रेक लागे, आणि ट्रॉलीतली माणसे दरीवर झुलत देवाचा धावा करत. मग एका सफाईच्या वेळी भावाने सेन्सर सोडवून त्याचे टोक पुसून लखलखीत केले, पुन्हा बसवला, प्लग जोडला. आणि त्यानंतर रोपवे एकदाही विनाकारण थांबला नाही. आठवडे गेले, महिने गेले. लोक ट्रॉलीत डुलक्या काढू लागले. साहेबांच्या चेहऱ्यावर तेज आले. वरच्या मंडळींनी ठरवले की अशा निर्दोष कामाचा सत्कार व्हावा, काकूंना मानचिन्ह द्यावे. पाहुणे खालून रोपवेनेच येणार होते.

त्या सकाळी काकू डोंगरावर आल्या त्या गाडीरस्त्याने, कारण त्यांच्यापाशी स्कोप होता आणि तो ट्रॉलीत हिंदकळलेला त्यांना चालत नसे. साहेबांनी आधीच फर्मावले होते, "काकू, तुमची ती लाट पाहुण्यांना पडद्यावर दाखवा. स्वच्छ, सुंदर दिसू दे. तिचं छायाचित्र चौकटीत लावू."

यंत्रघरात भाऊ आपल्या खुर्चीत होता. सकाळची पाळी बदलत होती. दोरावर ट्रॉली येत-जात होत्या. मुलीने खालून फोनवर सांगितले होते की ती निघाली आहे. काकूंनी पॅनेल उघडले, कार्डाच्या तोंडाशी स्कोपचे टोक लावले. पडद्यावर लाटा उमटल्या. एकसारख्या, रेखीव, पाण्यावरच्या तरंगांसारख्या.

"काय देखणी दिसतेय," भाऊ म्हणाला. "ताई, आता तरी बघू या म्हणू नकोस."

 काकूंनी पडद्यावरची लाट हळू केली, मग अधिक हळू केली. चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. भावाने त्यांच्याकडे पाहिले. बहिणीचा चेहरा त्याने जन्मापासून पाहिला होता. वडील गेले तेव्हाही तो असा पांढरा पडला नव्हता.

"ठेच कुठे गेली?" काकूंनी विचारले.

"कसली ठेच?"

"तुझ्या पान्याची. दर फेरीला एक लाट बुटकी यायला हवी. एकही येत नाहीये."

"बरं झालं की. सुधारलं चाक."

"पोलादाचा उडालेला टवका परत उगवतो का रे, धाकट्या?"

वाक्य साधे होते, पण ते भावाच्या मस्तकात शिरायला क्षणभर वेळ लागला. पडद्यावर जे दिसत होते ते त्या चाकाचे नव्हते. मग ते कोणाचे होते? आणि गेले कित्येक महिने तो खुर्चीत बसून ज्या आकड्याकडे निर्धास्तपणे पाहत आला, तो आकडा कोणाचा होता?

"दोरावर किती जण आहेत?" काकूंनी विचारले.

"भरलेल्या आहेत निम्म्या. ताई..." तो दोराकडे बघत म्हणाला, "पोरगी आहे. शेवटच्या ट्रॉलीत."

काकूंनी डोळे मिटले नाहीत की हात जोडले नाहीत. त्यांनी खिशातून खडू काढला. "खालच्यांना सांग, आता कोणाला बसवू नका. मी मोटार हळू करते, अगदी हळू. तू त्या मोठ्या चाकावर ठळक रेघ ओढ आणि हातब्रेक धरून उभा राहा. आकड्याकडे बघायचं नाही. रेघेकडे बघायचं. रेघ समोर आली की ओरड. दोन ओरडण्यांतलं अंतर कमी झालं असं नुसतं वाटलं तरी ब्रेक ओढ. मला विचारत बसू नकोस."

भावाने रेघ ओढली. त्या रोपवेवर त्याने आयुष्याची उमेदीची वर्षे घालवली होती, पण चाकाकडे असे त्याने कधी पाहिले नव्हते. मोटारीचा स्वर उतरत गेला. पांढरी रेघ वर गेली, पलीकडे नाहीशी झाली, खालून पुन्हा उगवली.

"आली!" तो ओरडला.

पुन्हा गेली. पुन्हा उगवली. "आली!"

एक ट्रॉली आत शिरली, माणसे उतरली, कुरकुरत गेली. दुसरी आली. कोणी म्हातारा विचारत होता, "आज काय, दोराला झोप लागलीय का?" भावाने ऐकले नाही. त्याच्या तळहाताला घाम सुटला होता आणि ब्रेकची दांडी निसटेल म्हणून तो ती दोन्ही हातांनी धरून होता. जीव टांगणीला लागणे हा शब्दप्रयोग आपण किती सैलपणे वापरतो! त्याचा जीव त्या क्षणी खरोखरच टांगलेला होता, दरीच्या मध्यावर, एका पोलादी दोराला; आणि तो जीव बहुधा खिडकीशी बसून मोबाइलवर काही वाचत होता.

तेवढ्यात साहेब आत आले. अंगात नवा सदरा, चेहरा लालबुंद. "काकू! पाहुणे खाली उभे आहेत, आणि खालचा माणूस त्यांना बसू देत नाही म्हणे! आजच? आजच तुम्हाला हे सुचायचं होतं?"

"आली!" भाऊ ओरडला.

"कोण आली?"

"साहेब," काकू नियंत्रणाच्या बटणावरचा हात न काढता म्हणाल्या, "पाहुण्यांना खाली चहा पाजा. दोनदा पाजा. मला बोलायला लावू नका."

त्यांच्या आवाजात असे काही होते की साहेब जागीच थांबले. मग तिघेही त्या रेघेकडे पाहत राहिले. शेवटी एक रिकामी ट्रॉली आली, तिच्यामागे भरलेली, आणि तिच्यातून मुलगी पिशवी सावरत उतरली. "बाबा, रोपवे चालवताय की बैलगाडी? हजेरी गेली माझी!" तिने आत डोकावून पाहिले आणि तिचे हसू विरले. "आत्या? बाबा? काय झालं?"

 दांडीवरून हात काढायचे भानही भावाला नव्हते. मुलीने एकेक बोट सोडवले.

दोर रिकामा झाला. काकू म्हणाल्या, "आता क्लच सोड. ब्रेक लावून ठेव. चाक हलता कामा नये." ते झाले. मग त्यांनी मोटार नेहमीच्या वेगाने फिरवली. मोटार घुमू लागली. चाक जागच्या जागी, ढिम्म. काकूंनी चाकावर तळहात ठेवला, जणू आजाऱ्याच्या कपाळावर. आणि चौघांच्या डोळ्यांदेखत पॅनेलवरचा आकडा चढत गेला. शून्यावरून हलला, वाढला, रोजच्या वेगाच्या आकड्यावर येऊन स्थिरावला. शांत, निश्चल, विश्वासार्ह.

 साहेबांचे तोंड उघडे राहिले होते.

"हे चाक उभं आहे," काकू हळू आवाजात म्हणाल्या. "आणि माझं कार्ड सांगतंय, ते धावतंय."

"म्हणजे इतके महिने..." साहेब म्हणाले.

"इतके महिने आपण चाकाला काही विचारलंच नाही. मोटारीला विचारत होतो, चाक फिरतंय का? मोटार म्हणायची, हो, मी फिरतेय ना. मधला गिअर तुटला असता, भरलेल्या ट्रॉलींच्या वजनानं चाक सुसाट खाली सुटलं असतं, तरी हा आकडा असाच बसून राहिला असता. हसत."



काकूंनी सेन्सरपाशी बोट ठेवले आणि केबलीवरून ते सरकवत पॅनेलकडे आल्या. बोट पोहोचण्याआधीच भावाला कळले. पॅनेलवर दोन सेन्सरांच्या प्लगसाठी दोन घरे होती, एक नेहमीच्या आणि एक राखीव, शेजारी शेजारी, जुळ्यांसारखी. दुसरा, राखीव सेन्सर फार पूर्वीच बिघडून दुरुस्तीला गेला होता, म्हणून त्याच्या घराकडे पाहू नये असे कार्डाला सांगून ठेवलेले होते. सफाईनंतर भावाने लखलखीत झालेल्या सेन्सरचा प्लग अचूक दाबून, कट्ट आवाज ऐकून, त्या दुसऱ्या घरात बसवला होता. पहिले घर तेव्हापासून रिकामे होते. तेथून कार्डाकडे जाणारी तार मोटारीच्या जाड केबलीला खेटून जात होती. सेन्सर जोडलेला असता तर त्याच्या गुंडाळीने तिकडून येणारी क्षुल्लक गुणगुण गिळून टाकली असती. पण घर ओस पडले होते. आवाज येईना म्हणून काकूंच्या कार्डाने आपला उंबरठा खाली आणला, आणखी खाली आणला, आणि त्या निःशब्दतेत त्याचा कान इतका तिखट झाला की शेजारच्या घरचे बोलणे त्याला आपल्याच घरचे वाटू लागले. दुर्दैव असे की दात्यांचा ठोका आणि मोटारीच्या प्रवाहाचा ठोका गिअरच्या प्रमाणामुळे जवळजवळ एकच पडत होता. मोटार हळू झाली की आकडा उतरे, वाढली की चढे. संशयाला जागाच उरली नव्हती. त्या पडसादाला फक्त ठेच लागत नव्हती.

"मी लावला," भाऊ म्हणाला. "साहेब, मीच लावला तो प्लग."

साहेबांचा भडका उडाला. "कळत नाही तुला? डोळे कुठे होते? पोटची पोर रोज पाठवत होतास वर!"

हे शेवटचे वाक्य भावाला स्वतःला केव्हाच सुचलेले होते. तो खाली बसला. त्याने ताईकडे पाहिले. लहानपणी काच फोडली की ती पुढे होऊन म्हणे, माझ्या हातून फुटली. आजही ती काही म्हणेल, असे त्याला क्षणभर वाटले.

काकू म्हणाल्या, "हो साहेब, प्लग यानेच चुकवला. त्याचा हात चुकला आणि माझं डोकं चुकलं. घर रिकामं आहे की भरलेलं, हे माझ्या कार्डानं आधी विचारायला हवं होतं. शांततेत काहीतरी ऐकू यावंच, असा हट्ट मी त्याला शिकवला. दोन्ही गोष्टी चौकशीत लिहा. एक लिहून दुसरी गाळू नका."

सत्कार झाला नाही. पाहुणे खालूनच परतले. रोपवे बंद राहिला आणि गाव काही काळ वळणांच्या रस्त्याला शिव्या घालत राहिले. भावाची खुर्ची गेली. त्याला खाली दुरुस्तीच्या शेडमध्ये धाडले. ताईने आपल्याला वाचवले नाही, हा सल त्याच्या मनात रुतून बसला. सुट्टीच्या दिवशी ती भेटायला आली की तो घरी असून नसल्यासारखा वागे. एकदा काकू आल्या आणि थेट त्याच्यासमोर बसल्या. चहा निवला.

"तुझे उपकार आहेत," त्या एकदम म्हणाल्या.

"कसले? टोमणे मारू नकोस."

"पान्याचे. तो पडला नसता तर मला कधी कळलंच नसतं. छान लाट दिसली असती, मीही चौकटीत लावली असती." मग थोडे थांबून म्हणाल्या, "त्या दिवशी तुझ्या वतीनं खोटं बोलले असते ना, तर तेही त्या आकड्यासारखंच झालं असतं. सगळ्यांना हवं ते, आणि चाकाला न विचारता."

भावाने निवलेला चहा एका घोटात संपवला. मग म्हणाला, "म्हणजे माझा धांदरटपणा एकदा नडला आणि एकदा कामी आला. बरोबरी झाली."

"बघू या," काकू म्हणाल्या, आणि मुलगी आतून खळखळून हसली.

काकूंनी कार्ड नव्याने रचले. ते आता दर वेळी सुरू होण्याआधी गुंडाळीतून विजेची एक बारीक धार सोडते आणि विचारते, घरात कोणी आहे का? उत्तर आले नाही तर मोटार चालूच होत नाही. उंबरठ्याला एक तळ ठरवलेला आहे. त्याच्याखाली तो कितीही शांतता असली तरी उतरत नाही. सेन्सरच्या तारांना एकमेकींचा घट्ट पीळ दिलेला आहे आणि त्यांचा मार्ग मोटारीपासून दूर नेलेला आहे. आणि दर फेरीला कार्ड एका ठेचेची वाट पाहते. ठेच लागली नाही, तर ब्रेक लागतो.

चौकशी संपल्यावर भावाला खुर्ची परत मिळाली. तो निवृत्त होईपर्यंत चाकावर खडूची रेघ ओढत असे. पुसट झाली की पुन्हा. काकू मात्र आपल्या निवृत्तीच्या आतच गेल्या, अल्पशा आजाराने, त्याच डोंगरावरच्या रुग्णालयात. त्यांना वर नेताना भाचीने विचारले होते, "आत्या, गाडीनं जाऊ या?" त्या म्हणाल्या होत्या, "कशाला? दोरानं जाऊ." आणि दरीच्या मध्यावर त्यांनी खिडकीबाहेर पाहिलेही नव्हते, असे भाची सांगते.

पुढे, भाऊ नोकरीत असतानाच, ते दात्यांचे चाक गंजले आणि कारखान्यातून नवे आले, निर्दोष, सगळे दाते सारखे. भावाने ते बसवण्याआधी कानस मागवली.

त्या चाकाचा एक दाता इतरांहून आखूड आहे.